लात्व्हियाची पुरुषांची आइस हॉकी टीम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रिगात शिकायला आले, मग इथेच नोकरी लागली आणि राहिले. दर मे महिन्यात माझ्या स्टेटसवर डाळिंबी-पांढरा झेंडा दिसायला लागला की पुण्यातल्या बहिणीपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, हे काय आहे, कोण खेळतंय, तू एवढी का ओरडतेस. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी काही एक्स्पर्ट नाही, पण या टीमवर मनापासून प्रेम आहे.

लात्व्हिया नक्की कुठे आला? आणि किती लहान?

बाल्टिक समुद्राच्या काठावर, वर एस्टोनिया, खाली लिथुआनिया, पूर्वेला रशिया आणि बेलारूस. लोकसंख्या साधारण १९ लाख. म्हणजे अख्खा देश मिळून नागपूर शहराएवढेही लोक नाहीत. आणि त्यातले तिसरा हिस्सा लोक राजधानी रिगातच राहतात. आता विचार करा, एवढ्याशा देशातून कॅनडा, अमेरिका, स्वीडनसमोर उभी राहणारी टीम काढायची.

आइस हॉकी आणि आपली हॉकी यात फरक काय?

खूप आहे. बर्फाचं मैदान, त्याला रिंक म्हणतात, लांबी ६० मीटर, चारही बाजूंनी बोर्ड आणि वर काच. बॉलच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची चपटी चकती, वजन १७० ग्रॅमच्या आतबाहेर. एका टीमचे सहा जण बर्फावर, त्यात एक गोलकीपर. २०-२० मिनिटांचे तीन पिरियड. सगळ्यात मजा म्हणजे खेळाडू सारखे बदलत राहतात, पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचं की बाकावर, लगेच दुसरे पाच बोर्डावरून उडी मारून आत, आणि यासाठी खेळ थांबतसुद्धा नाही. कोणी फाउल केला तर तो दोन मिनिटं बाहेर बसतो आणि समोरच्यांचा एक माणूस जास्त होतो, त्याला पॉवर प्ले म्हणतात, क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यातून काढून टाका. बाकी ऑफसाइड वगैरे दोन मॅच बघितल्या की आपोआप कळतं, आधी पाठ करत बसू नका.

टीम कधीपासून आहे?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जुनी आहे. लात्व्हिया १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशनमध्ये गेला, १९३२ मध्ये रिगात लिथुआनियाविरुद्ध पहिली मॅच खेळला आणि जिंकला, ३–०. १९३६ मध्ये जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्खेनला हिवाळी ऑलिम्पिक झालं तिथेही टीम गेली होती. सगळ्या मॅच हरले, कॅनडाने तर ११–० ने धुतलं. हा ११–० आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९४० नंतर टीम कुठे गेली?

देशच गेला. १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने लात्व्हिया घेतला, मध्ये काही वर्षं जर्मनांचा ताबा, मग परत सोव्हिएत, ते थेट १९९१ पर्यंत. पन्नास वर्षं लात्व्हिया नावाची टीम नाही, जर्सी नाही, झेंडा लावायची सोय नाही. पण हॉकी होती आणि चांगली होती, हेच मला सगळ्यात लागतं. रिगात दिनामो रिगा नावाचा क्लब सोव्हिएत लीगमध्ये खेळायचा. व्हिक्टर तिखोनोव्ह, जो पुढे सोव्हिएत टीमचा सगळ्यात गाजलेला कोच झाला, तो आधी इथे रिगात घडला, १९७७ पर्यंत दिनामो रिगाला त्यानेच खालच्या लीगमधून वर काढलं.

आणि इथला स्टार म्हणजे हेल्मुट्स बाल्डेरिस. इतका फास्ट की लोक त्याला इलेक्ट्रिक ट्रेन म्हणायचे. सोव्हिएत काळात त्या लोकल गाड्या बनायच्याच रिगाच्या कारखान्यात, त्यामुळे हे नाव इथल्या लोकांना एकदम घरचं वाटायचं. मुंबईत कोणाला 'फास्ट लोकल' म्हणावं तसंच. १९७७ मध्ये तिखोनोव्हला मॉस्कोला सैन्याच्या क्लबवर नेलं, त्याच्याबरोबर बाल्डेरिसलाही, त्याची जायची इच्छा नसताना. १९८० मध्ये तो रिगाला परत आला. तीनदा वर्ल्ड चॅम्पियन, १९८० च्या ऑलिम्पिकचं सिल्व्हर, पण हे सगळं छातीवर सोव्हिएत अक्षरं असलेल्या जर्सीत. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्स क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) घेतलं तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, खेळणं सोडून काही वर्षं झाली होती, तरी गेला, २६ मॅच खेळला, तीन गोल केले. एवढ्या वयात ड्राफ्ट झालेला दुसरा कोणी नाही.

माझ्या घरमालकीण आजींनी बाल्डेरिसला जुन्या स्पोर्ट्स पॅलेसमध्ये खेळताना बघितलंय. ती बिल्डिंग आता पाडली. त्या सांगतात की मॉस्कोची टीम आली की स्टेडियममध्ये ओरडायला एक वेगळीच मोकळीक मिळायची, रस्त्यावर जे बोलता येत नव्हतं ते तिथे ओरडून बाहेर पडायचं.

पुन्हा कधी सुरू झाली आणि वर कशी आली?

स्वातंत्र्य १९९१ मध्ये परत मिळालं, १९९२ मध्ये फेडरेशनमध्ये परत घेतलं. पण पन्नास वर्षं टीमच नव्हती म्हणून थेट तिसऱ्या पायरीवर टाकलं, पूल सी. आदल्या दशकात जगातल्या सगळ्यात तगड्या लीगमध्ये खेळलेले लोक, दिनामो रिगा १९८८ मध्ये त्या लीगमध्ये दुसरी आली होती, आणि ते आता तळातून सुरू करणार. १९९३ ला पूल सी जिंकले. मग तीन वर्षं पूल बी मध्ये धडका मारल्या, दरवेळी वर जायची एकच जागा असायची, शेवटी १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला पहिले आले. १९९७ मध्ये वरच्या ग्रुपमध्ये पहिल्याच वर्षी सातवा नंबर. आणि तेव्हापासून आजपर्यंत एकदाही खाली घसरले नाहीत. एकदाही नाही. माझ्या मते हीच या टीमची सगळ्यात मोठी कमाई आहे, मेडलपेक्षाही, पण ते कोणी फारसं बोलत नाही.

इर्बे कोण? रिगात सगळे त्याचं नाव का घेतात?

आर्टुर्स इर्बे, गोलकीपर. १९९० मध्ये सोव्हिएत टीमकडून वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत फौजा येतील म्हणून रिगाच्या लोकांनी जुन्या शहरात ट्रॅक्टर, लाकडाचे ओंडके, सिमेंटचे ठोकळे रचून बॅरिकेड्स उभे केले, रात्र रात्र शेकोट्या पेटवून थांबले, त्या लोकांत इर्बे होता. आणि त्यानंतर सोव्हिएत टीमकडून खेळायला त्याने नकार दिला. खेळाडूच्या हातात असून असून काय असतं, खेळायचं की नाही खेळायचं एवढंच, ते त्याने वापरलं.

पुढे अमेरिकेत सॅन होजेला गेला, १९९४ मध्ये आठव्या नंबरच्या सॅन होजेने पहिल्या नंबरच्या डेट्रॉइटला बाहेर काढलं तेव्हा गोलमध्ये तोच, आणि त्याच टीममध्ये डिफेन्सला दुसरा लात्व्हियन, सान्डिस ओझोलिन्श. इर्बेची अजून एक गोष्ट मला फार आवडते. त्याचे पायाचे पॅड इतके जुने असायचे, कळकट, कडा फाटलेल्या, आणि तो ते स्वतः सुई-दोरा घेऊन शिवायचा. नवे मिळत असताना. ओळखीचं, हाताला बसलेलं सामान सोडवत नाही ना, आपल्या आजीची पोळपाट-लाटणं जशी. २००६ च्या ऑलिम्पिकमध्ये देशाचा झेंडा त्याच्याच हातात होता.

रशियाला त्यांच्याच घरात हरवलं ते कधी?

२००० ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, सेंट पीटर्सबर्ग. रशियाने पावेल ब्युरेसकट एकसे एक स्टार गोळा केले होते. लात्व्हिया ३–२ ने जिंकला. रशियाचा त्या वर्षी अकरावा नंबर आला. आमच्या ऑफिसमधला एकजण तेव्हा शाळेत होता, तो म्हणतो की त्या रात्री रिगात गाड्यांचे हॉर्न थांबतच नव्हते आणि त्याच्या वडिलांना रडताना त्याने पहिल्यांदा बघितलं.

सोचीची मॅच एवढी का गाजली? हरलेच ना शेवटी?

हो, हरले. तरी बघा. २०१४ चं हिवाळी ऑलिम्पिक, रशियातल्या सोचीत, कोच टेड नोलन, आधी स्वित्झर्लंडला ३–१ हरवून क्वार्टर फायनलला आले. समोर कॅनडा, सगळे एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगचे, टॉपचे खेळाडू. गोलमध्ये क्रिस्तेर्स गुडलेव्हस्किस, २१ वर्षांचा पोरगा, त्या टीमचा पहिला गोलकीपरसुद्धा नव्हता. कॅनडाने ५७ शॉट मारले. सत्तावन्न! त्याने ५५ अडवले. लौरिस दार्झिन्शने लात्व्हियाचा गोल केला, १–१ असं तिसऱ्या पिरियडमध्ये बराच वेळ चाललं, शेवटची जवळपास सात मिनिटं राहिली असताना पॉवर प्लेवर शे वेबरचा शॉट आत गेला. २–१. पुढे गोल्ड कॅनडानेच घेतलं. ज्यांच्याकडून १९३६ ला अकरा खाल्ले होते त्यांना यांनी घाम फोडला. शेवटी तो पोरगा बर्फावर गुडघ्यावर बसलेला, आणि कॅनडाचे खेळाडू त्याच्या पाठीवर थाप देत होते. मी ही मॅच नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघितली, निकाल माहीत असून शेवटची दहा मिनिटं उभ्यानेच बघितली.

कॅनडाला कधी खरंच हरवलंय का?

हरवलंय! २१ मे २०२१, रिगा. ती वर्ल्ड चॅम्पियनशिप आधी बेलारूसबरोबर मिळून होती, बेलारूसकडून ती काढून घेतली आणि सगळं रिगातच झालं. कोव्हिड होता म्हणून सुरुवातीला प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. पहिल्याच दिवशी कॅनडासमोर २–० ने जिंकले, रिकाम्या स्टँडसमोर. कॅनडावर हा लात्व्हियाचा पहिला विजय, त्या ११–० नंतर ८५ वर्षांनी. गोलमध्ये होता माटिस किवलेनिएक्स, एकही पक आत जाऊ दिला नाही.

आणि हे लिहिताना हात जड होतो. दीड महिन्याने, ४ जुलैला, अमेरिकेत एका कार्यक्रमात फटाक्यांचा अपघात झाला आणि माटिस गेला. २४ वर्षांचा होता. त्याचा मित्र, दुसरा लात्व्हियन गोलकीपर एल्विस मेर्झलिकिन्स, त्याने नंतर सांगितलं की माटिस मध्ये आला म्हणून मी आणि माझी गरोदर बायको वाचलो. त्यांना मुलगा झाला, त्याच्या नावात त्यांनी माटिस ठेवलं. आजी आजही टीव्हीवर गोलकीपर दाखवला की माटिसचं नाव घेतातच.

२०२३ चं ब्राँझ नेमकं कसं आलं?

हा माझा लाडका प्रश्न. वर्ल्ड चॅम्पियनशिप फिनलंडमधलं टाम्पेरे आणि रिगा अशी मिळून होती. पहिली मॅच कॅनडाशी, घरच्या प्रेक्षकांसमोर ०–६. दुसऱ्या दिवशी ऑफिसला कोणी बोलेना. मग हळूहळू गाडी लागली, झेकियाला ओव्हरटाइममध्ये ४–३, आणि ग्रुपच्या शेवटच्या मॅचला ग्रुपमध्ये तोवर एकदाही न हरलेल्या स्वित्झर्लंडला ओव्हरटाइममध्ये ४–३, म्हणून क्वार्टर फायनल मिळाली. तिथे स्वीडन. स्वीडन टाम्पेरेहून रिगाला आलं आणि ३–१ हरून परत गेलं. गोलमध्ये आर्टुर्स शिलोव्ह्स, २२ वर्षांचा, शांत, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला नंबर सातवा होता, आता एकदम सेमीफायनल.

सेमीफायनलला पुन्हा कॅनडा, दोनदा पुढे होते, तरी ४–२ हरले. राहिली ब्राँझची मॅच, २८ मे, रविवार, समोर अमेरिका, जी ग्रुपमध्ये सातच्या सात मॅच जिंकून आली होती.

मी ती आजींकडे बघितली. त्यांनी काळ्या राय ब्रेडचे लांब तुकडे तळून त्यांना लसूण चोळून ठेवले होते, इथे मॅचबरोबर हेच खातात, पण त्या दिवशी कोणी हात लावला नाही. आजी सोफ्यावर बसत नव्हत्या, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, हातात भांडी पुसायचा टॉवेल, आणि अमेरिका हल्ला करायला लागली की तो टॉवेल पिळायच्या. कोरडाच टॉवेल. तोंडाने एकच शब्द चालू, "मूसेयिए, मूसेयिए". म्हणजे आपले. आपली पोरं.

तिसऱ्या पिरियडमध्ये अमेरिका ३–२ ने पुढे. शेवटची सहा मिनिटंही उरली नव्हती तेव्हा क्रिस्टियान्स रुबिन्शने, जो डिफेन्सचा माणूस आहे, बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये दोन्हीकडे गोलकीपर सोडून फक्त तिघे तिघे असतात, बर्फ एकदम मोकळा, कुठूनही काहीही होऊ शकतं. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं, पुन्हा रुबिन्श, गोल, ४–३, संपलं. आजींनी टॉवेल तोंडावर धरला आणि तशाच उभ्या राहिल्या, मला वाटलं काही होतंय की काय, जवळ गेले तर त्या रडत होत्या आणि हसत होत्या. खाली अंगणात कोणीतरी पातेलं वाजवत होतं. शिलोव्ह्स अख्ख्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

संसदेने खरंच रात्री सुट्टी जाहीर केली का?

खरंच. लात्व्हियाच्या संसदेला साएमा म्हणतात, रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास तिचं खास अधिवेशन बोलावलं, बरेच खासदार टीमची जर्सी घालून आले, आणि काही मिनिटांत कायदा पास करून सोमवार, २९ मे, सार्वजनिक सुट्टी. मला बॉसचा मेसेज रात्री आला, उद्या येऊ नका. काही लोकांची तारांबळ उडाली हेही खरं, ज्यांची सोमवारी परीक्षा, डॉक्टरची अपॉइंटमेंट किंवा कोर्टाची तारीख होती त्यांना रात्रीत सगळं बदलावं लागलं, आणि त्यांची तक्रार मला रास्तच वाटते. तरी मी त्या सुट्टीच्या बाजूने आहे.

सोमवारी टीमचं विमान शहरावरून खाली येऊन गेलं आणि स्वातंत्र्य स्मारकापाशी सगळे जमले. हे स्मारक १९३५ चं, ४२ मीटर उंच, वर एक बाई दोन्ही हातांनी तीन तारे उंच धरून उभी आहे, लोक तिला प्रेमाने मिल्डा म्हणतात. सोव्हिएत काळात तिथे फुलं ठेवली तरी पोलीस उचलायचे. आजींनी मला तो दगडी कट्टा दाखवला होता जिथे फुलं ठेवायला माणसं घाबरायची. आता तिथेच हजारो लोक डाळिंबी जर्सीत उभे, गाणी म्हणतायत. मी पांढरा कुर्ता आणि लाल ओढणी घालून गेले होते कारण जर्सी कुठेच शिल्लक नव्हती, एका काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्यांच्याकडचा छोटा झेंडा माझ्या हातात दिला. अजून माझ्या खिडकीत आहे.

कोच कोण होता?

हारिस व्हीटोलिन्श. १९८८ ला सोव्हिएत लीगमध्ये दुसरी आलेली ती दिनामो रिगा, त्यात हा तरुण खेळाडू होता, इर्बेबरोबर. नंतर स्वतंत्र लात्व्हियाकडून खेळला. त्याच्या आधी पाच वर्षं बॉब हार्टली, कॅनडाचा, त्यानेही टीमला खूप शिस्त लावली, त्याचं श्रेय विसरू नये.

एनएचएलमध्ये लात्व्हियाचे कोण कोण?

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाची लीग, क्रिकेटवाल्यांना आयपीएल तसं यांना ते. ओझोलिन्शने १९९६ ला कोलोराडोकडून स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचा चषक, जिंकला. टेडी ब्लुगर्स २०२३ ला व्हेगासच्या चॅम्पियन टीममध्ये होता. मेर्झलिकिन्स कोलंबसचा गोलकीपर. झेमगुस गिर्गेन्सोन्सला बफेलोने २०१२ मध्ये १४व्या नंबरवर घेतलं, इतक्या वर कोणी लात्व्हियन गेला नव्हता. २०१५ च्या ऑल-स्टार मॅचसाठी लोकांची मतं मागवली तर त्याला १५ लाख ७४ हजारांवर मतं, सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर, कॅनडाचा स्टार सिडनी क्रॉसबी वगैरे सगळे मागे. देश किती लोकांचा आहे ते वर लिहिलंच आहे. लोक रोज न चुकता मत देत होते, आजींच्या वयाचे लोक नातवंडांकडून मोबाइल मागून घेत होते.

दोन नावं आदराने घ्यायची. सर्गेइस झोल्तोक्स, २००४ मध्ये मिन्स्कला मॅच चालू असतानाच हृदय बंद पडून गेला. आणि कार्लिस स्क्रास्तिन्श, डिफेन्सचा खेळाडू, एनएचएलमध्ये सलग ४९५ मॅच एकही न चुकवता खेळला, तेव्हा डिफेन्सवाल्यांमध्ये तो रेकॉर्ड होता. २०११ मध्ये रशियात लोकोमोटिव यारोस्लाव्हल टीमचं विमान पडलं, त्यात तो होता.

गोलकीपरच एवढे चांगले का निघतात यांचे?

माझं मत सांगते. एक म्हणजे इर्बे, मुलांनी लहानपणी ज्याला बघितलं तेच व्हावंसं वाटतं. दुसरं, लहान देशाच्या टीमचे खेळाडू मोठ्या टीमसमोर बहुतेक वेळ बचावच करत असतात, म्हणजे गोलकीपरला लहानपणापासून मॅचमध्ये ३०-४० शॉट खायची सवय. मोठ्या देशाच्या गोलकीपरला एवढं काम क्वचितच पडतं. २७ डिसेंबर २०२४ ला ओटावात वीस वर्षांखालच्या पोरांनी कॅनडाला शूटआउटमध्ये (बरोबरी सुटली नाही की एकेकाने गोलकीपरसमोर जाऊन गोल मारायचा) ३–२ हरवलं, त्यांच्याच देशात, गोलकीपर लिनार्ड्स फेल्डबेर्ग्स, त्यानेही ५५ शॉट अडवले. गुडलेव्हस्किसएवढेच, मोजून. मी पहाटे जागी होते, आकडा बघून अंगावर काटा आला.

सगळ्यांच्या नावाच्या शेवटी स का असतो?

लात्व्हियन भाषेत पुरुषाच्या नावाला बहुतेक वेळा शेवटी स किंवा श लागतो, बाईच्या नावाला आ किंवा ए. आणि परदेशी नावंसुद्धा हे लोक जशी ऐकू येतात तशी आपल्या भाषेत लिहितात आणि वर स लावतात, म्हणून पेपरात सिडनी क्रॉसबीचा सिडनिस क्रोस्बिस होतो. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं, आपणही मराठीत कोणाचंही नाव ऐकू येईल तसंच लिहितो ना.

ऑलिम्पिक मेडल आहे का?

हॉकीत नाही. १९३६ नंतर थेट २००२ ला गेले, मग २००६, २०१०, २०१४. २०१८ चुकलं, पात्रतेची शेवटची मॅच रिगातच जर्मनीकडून हरले. २०२२ ला बीजिंगला होते, २०२६ च्या मिलानसाठीची पात्रताही रिगात खेळूनच मिळवली.

वर्ल्ड चॅम्पियनशिप कशी चालते? खाली जाणं म्हणजे काय?

दरवर्षी मे महिन्यात. १६ टीम, आठ-आठचे दोन ग्रुप, प्रत्येकातले चार क्वार्टर फायनलला, आणि प्रत्येक ग्रुपमधली शेवटची टीम पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनला. साध्या वेळात जिंकलं तर तीन पॉइंट, ओव्हरटाइममध्ये जिंकलं तर दोन, ओव्हरटाइममध्ये हरलं तरी एक. हा एक पॉइंट लहान टीमला जगवतो. ग्रुपच्या शेवटच्या दिवसांत आमच्याकडे सगळे कागद घेऊन गणितं करत बसतात.

दिनामो रिगा अजून आहे का?

नवा दिनामो रिगा २००८ पासून केएचएलमध्ये, म्हणजे रशियातून चालणाऱ्या लीगमध्ये खेळायचा. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, क्लबने ती लीग सोडली. पैशाच्या दृष्टीने हा मोठा फटका होता, खेळाडू स्वित्झर्लंड, झेकिया, जर्मनीत पांगले. आणि पुढच्याच वर्षी ब्राँझ आलं.

भारताची टीम आहे का?

आहे. १९८९ पासून फेडरेशनचे सदस्य आहोत आपण. बहुतेक खेळाडू लडाखचे, गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेले. २०२५ मध्ये आपल्या बायकांच्या टीमने आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. त्यांच्याबद्दल कोणी नीट मराठीत लिहा, मी सगळ्यात आधी वाचेन.

रिगात आले तर मॅच बघता येईल का?

येईल. २००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी बांधलेलं अरीना शहराच्या मधल्या भागापासून लांब नाही, ट्रामने जाता येतं, आत दहा हजारांवर लोक बसतात. एप्रिलमध्ये स्पर्धेआधीच्या सरावाच्या मॅच असतात, त्यांची तिकिटं तुलनेने स्वस्त आणि सहज मिळतात. बाहेर ऊन असलं तरी आत जॅकेट न्या, बर्फाचा गारवा पायातून चढतो. ढोल असतात, आपल्या ढोल-पथकाएवढे नाहीत पण दणका चांगला असतो. "सराव, लात्व्हिया" असं ओरडायचं, म्हणजे ओढा, जोर लावा. मराठीतला सराव नव्हे, उच्चार सा-राउ च्या जवळचा.

मला काहीच माहीत नाही, कुठून सुरुवात करू?

फेडरेशनच्या यूट्यूब चॅनलवर २०२३ च्या ब्राँझ मॅचचे हायलाइट्स आहेत, दहा मिनिटांचं काम. ते आवडलं तर सोचीची कॅनडावाली मॅच शोधा. मे महिन्यात लाइव्ह बघायचं तर रिगाचं घड्याळ तेव्हा आपल्या अडीच तास मागे असतं, म्हणजे तिथली संध्याकाळची मॅच भारतात रात्री अकराच्या आसपास सुरू होते, जेवण आवरून बसा. आणि बघताना मला मेसेज करा, मी तेव्हा आजींकडेच असते, तुमचं नाव सांगितलं की त्या शेवटी स लावूनच विचारतात, तो बघतोय ना अजून, झोपला नाही ना.